मावशीचं नाक आणि काकांचं यंत्र

माझ्या मावशीच्या नाकाने आम्हा भाचरंडांचं बालपण नासवलं. कुणी चोरून सिगरेट ओढली, कुणी आंघोळ न करता नुसतंच पाणी ओतून आलं, कुणी तिच्या कपाटातला साबण पळवला, सगळं तिला दारातूनच कळायचं. दूध नासायच्या आदल्या संध्याकाळी ती पातेल्यावर वाकून सांगायची, "हे उद्याचा दिवस काढणार नाही." आणि ते काढायचं नाही.

मावशी एका सरकारी दफ्तरखान्यात जुन्या कागदांची राखण करते. बावीस वर्षं झाली. कुठल्या कपाटात, कुठल्या खणात ओल शिरलीये, हे ती गठ्ठा न सोडता सांगते. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, बाटल्या भरणारी यंत्रं बसवणारा माणूस. सतत दौऱ्यावर. लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशीही ते कुठल्याशा सरबताच्या कारखान्यात पंपाखाली उताणे पडलेले होते. मावशीने त्याचा उल्लेख पुढे वर्षभर केला. म्हणजे फार नाही, आठवड्यातून एकदा.

म्हणून या वेळी कंपनीचा फोन आला तेव्हा काकाच म्हणाले, "तू पण चल. वायनरी आहे. चार दिवसांचं काम. सकाळी मी यंत्र बघतो, दुपारपासून आपण दोघं. खायचं, प्यायचं, हिंडायचं. त्या भागात पावलागणिक चांगली खानावळ आहे म्हणतात."

"आणि तू पंपाखाली नाही ना झोपणार?"

"शब्द देतो."

मावशीने रजा टाकली आणि एक छोटी वही केली. वहीत अकरा जागा लिहिल्या, कुठे मासे चांगले, कुठे चीज, कुठे कुणाची वाईन. चार दिवसांत अकरा ठिकाणं कशी होणार, असं मी विचारलं तर म्हणाली, "भूक ठेवायची."

प्रवासात गाडीतल्या गार वाऱ्याने काकांना सर्दी झाली. सर्दी म्हणजे नाक पार बंद, डोळे लाल, आवाज माठातून आल्यासारखा. तरी पहिल्या दिवशी सकाळी ते हत्यारांची पेटी घेऊन निघाले. "एक वाजता येतो," म्हणाले. "टेबल धरून ठेव."

मावशीने टेबल धरलं. दोघांचं. एक वाजला, दीड वाजला. खानावळवाली दोनदा येऊन गेली, तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या नजरेत कीव होती. ती कीव पाहिल्यावर मावशीने मागवायला सुरुवात केली. मशरूमचं सूप, भाजलेला मासा, वर एक पेला पांढरी वाईन. काकांच्या वाटणीचा पावही तिने संपवला. संध्याकाळी सहाला काका आले, कोपरापर्यंत ग्रीस.

"अहो, जेवण छान होतं हो," मावशी म्हणाली.

एरवी मावशी त्यांना अरेतुरे करते. 'अहो' आलं की समजायचं, आभाळ भरून आलंय. काका खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. वायनरीतल्या दर दहा बाटल्यांपैकी एक-दोन बाटल्या बिघडलेल्या निघत होत्या. वाईन आंबट होत नव्हती, तिची चवच मरायची. शिवाय एक चमत्कारिक वास. मालकीणबाईंचं म्हणणं, काकांच्या कंपनीच्या गाळणीत दोष आहे. ती गाळणी गेल्या वर्षी काकांनी स्वतः बसवली होती. पाच दिवसांनी माल बाहेर जायचा होता. काकांनी यंत्र दोनदा खोललं, दोनदा लावलं. काही सापडलं नाही.

"आणि तो वास कसला आहे?"

"मला काय विचारतेस? मला आता उकडलेला कोबीसुद्धा कळणार नाही."

मावशीला हसू आलं, पण तिने ते दिसू दिलं नाही. "उद्या मी तुझ्याबरोबर येते. बारा वाजले की हाताला धरून बाहेर काढते."

दुसऱ्या दिवशी दोघं वायनरीत गेली. उंच छपराच्या दालनभर पसरलेला गारठा, धुतलेली ओली फरशी, भिंतीशी स्टीलच्या टाक्या आणि मधोमध काकांचं यंत्र, आतडी बाहेर काढल्यासारखं उघडं पडलेलं. मालकीणबाई सत्तरीच्या, बुटक्या, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, चष्मा कायम केसांत अडकवलेला आणि कायम हरवलेला. त्यांच्याबरोबर उस्ताद. वाईन चाखून ती कधी भरायची हे ठरवणारा माणूस, तीस वर्षं याच तळघरात मुरलेला. खरं नाव काहीतरी असेल, पण मालकीणबाईंसकट सगळे उस्तादच म्हणायचे.

उस्तादांनी दोन पेले भरून काकांपुढे धरले. "हा चांगला, हा वाईट. फरक बघा."

काकांनी रुमाल बाजूला करून हुंगलं आणि मान हलवली.

मावशी मागे उभी होती. दोन पावलांवरूनच म्हणाली, "ओला पुठ्ठा."

"काय?"

"उजव्या हातातला. पुठ्ठा भिजून नीट न वाळता कपाटात राहिला की असा वास येतो. यंत्राचा नाही हा."

उस्तादांनी भुवया वर केल्या. काका आधीच चिडलेले, घसा बसलेला, वर गिऱ्हाइकासमोर उभे. ते पटकन म्हणून गेले, "अगं, तू मध्ये नाक खुपसू नकोस!"

मावशीचा चेहरा उतरला. मग मालकीणबाई हसल्या. खळखळून, दोन्ही हात कमरेवर ठेवून. "अहो, पण इथे नाकच तर खुपसायचं असतं! बोलू द्या की बाईंना."

उस्तादांना ते फारसं रुचलं नसावं. त्यांनी दहा बाटल्या उघडल्या, दहा पेले ओळीने मांडले. "सांगा. यातले वाईट कुठले?"

मावशी ओळीने गेली. पेला उचलायचीही नाही, नुसती वाकायची. शेवटाला पोचून परत आली. "तिसरा आणि आठवा."

उस्तादांनी आठवा हुंगला आणि मान डोलावली. तिसरा हुंगला, पुन्हा हुंगला. "नाही. हा ठीक आहे."

"थोडं थांबू या," मावशी म्हणाली. "वास अजून अंग चोरून बसलाय."

सगळे थांबले. मालकीणबाई चष्मा शोधत होत्या, काका रुमालात शिंकत होते. पंधरा मिनिटांनी उस्तादांनी तिसरा पेला पुन्हा नाकाशी नेला. मग सावकाश खाली ठेवला आणि मावशीसाठी एक खुर्ची ओढली.

ती बसलीच नाही. तिला आता वासाचा माग सोडवत नव्हता. टाकीपाशी गेली, नळ्यांपाशी गेली, काकांच्या गाळणीपाशी तर चांगली खाली वाकली. काका श्वास रोखून उभे होते. अर्थात त्यांचा श्वास तसाही बंदच होता.

"इथे रबर आहे आणि धुतलेलं लोखंड. बाकी काही नाही. गाळणी स्वच्छ आहे."

काकांनी डोळे मिटले. मावशी सांगते, लग्नात अंगठी घालतानाही तिने त्यांच्या चेहऱ्यावर एवढं सुख पाहिलं नव्हतं.

"बाटल्यांना लावायची बुचं कुठे ठेवता?" तिने विचारलं.

बुचांची खोली मागच्या बाजूला होती. उस्तादांनी दार उघडलं आणि मावशी उंबऱ्यातच थबकली. "हीच खोली."

"मला तर कसलाच वास येत नाही," उस्ताद म्हणाले. आता आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती.

"तुम्ही रोज येता ना इथे? आमच्या दफ्तरखान्यातल्या शिपायालाही येत नाही. सवयीने नाक झोपी जातं, त्यात तुमचा काय दोष?"

खोलीत लाकडी फळ्यांवर बुचांच्या बारा मोठ्या पिशव्या होत्या. काही बंद, काही उघड्या तोंडाच्या. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. दोन महिन्यांपूर्वी इथे नळ फुटून पाणी साचलं होतं. बुरशी नको म्हणून त्यांनी स्वतः उभं राहून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने खोली धुऊन घेतली होती, तीही भरपूर पावडर घालून. काकांनी एक फळी उलटी केली. खालून ती अजून काळपट, ओलसर होती.

"ओल, लाकूड आणि ते औषध," उस्ताद पुटपुटले. "या तिघांचं जमलं की बूच वास धरतं. शिकवलं होतं मला हे. मीच विसरलो."

पण कुठल्या पिशव्या बिघडल्या आणि कुठल्या नाही? उस्तादांनी बाहेर दालनात बारा पेल्यांत साधं पाणी घेतलं, प्रत्येकात एकेका पिशवीतली तीन-तीन बुचं टाकली, वर बश्या झाकल्या. "उद्या सकाळपर्यंत हे असंच राहू दे. पाण्यात वास उतरेल."

"म्हणजे आज काही काम नाही?" मावशीने विचारलं.

"नाही."

बरोबर बारा वाजले होते. मावशीने काकांचा हात धरला.

त्या दुपारी वहीतल्या तीन जागा झाल्या. पहिल्या ठिकाणी काका म्हणाले, "मी बोललो ते चुकलं." मावशी म्हणाली, "चुकलंच." आणि त्यांच्या ताटातला बटाटा उचलून खाल्ला. विषय तिथे मिटला. काकांना वास येत नसल्यामुळे चव अर्धीच कळत होती, म्हणून मावशी त्यांना प्रत्येक घास सांगत होती. "यात लसूण आहे, पण घाबरलेला. ही वाईन म्हणजे हिरवं सफरचंद, दाताखाली कच्चकन तुटलेलं. हे चीज म्हणजे तुझे प्रवासातले मोजे." शेजारच्या टेबलावरचं जोडपं जेवण सोडून ऐकत होतं. शेवटी त्या बाईंनी विचारलंच, "आमच्याही पेल्यात काय आहे ते सांगता का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीने बारा पेल्यांवरच्या बश्या उचलल्या. चौथी, सातवी आणि अकरावी पिशवी. उस्तादांनी आदल्या दिवसापासून त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, त्यांनाही तिन्ही पेल्यांत तोच वास आला. ते इतके खूश झाले की चौथा पेला त्यांनी परत परत हुंगला.

"पण यांतली बुचं कुठल्या बाटल्यांना लागली, ते कसं कळणार?" मालकीणबाई म्हणाल्या. "हजारो बाटल्या आहेत. उघडून तर बघता येत नाही."

"पिशवी कधी फोडली याची नोंद करता?"

नोंद होती. उस्तादांचं अक्षर मात्र कोंबडीचे पाय. मावशीने बावीस वर्षं याहून वाईट अक्षरं वाचलेली. तासाभरात तिने शोधून काढलं. त्या तीन पिशव्यांतली बुचं एक अख्खा दिवस आणि पुढची एक सकाळ एवढ्याच वेळात वापरली गेली होती. तेवढ्या बाटल्या बाजूला काढल्या की बाकी सगळा माल बेलाशक बाहेर जाऊ शकत होता. काकांनी यंत्र पुन्हा जोडलं, चालू केलं, आणि ते पहिल्या फटक्यात असं चाललं की जणू त्यालाही निर्दोष सुटल्याचा आनंद झाला होता.

मालकीणबाईंनी त्या दुपारी स्वतः स्वयंपाक केला. मागच्या अंगणात लांब टेबल मांडलं, कामावरची सगळी माणसं बसली. भाजलेली कोंबडी, गरम पाव, टोमॅटोची कोशिंबीर. उस्ताद तळघरातून एक जग भरून घेऊन आले. अजून बाटलीत न भरलेली, पिंपातली वाईन.

"यात काय आहे?"

मावशीने पेला फिरवला. दोनदा नाकाशी नेला. "जर्दाळूची साल," ती म्हणाली. "आणि... नवी पेन्सिल तासली की येतो ना, तो."

उस्तादांनी टेबलावर थाप मारली. "तीस वर्षं मी याला नुसतं 'लाकूड' म्हणत आलो! पेन्सिल! पेन्सिलच आहे!" ते उठले, तळघरात गेले आणि पिंपावर खडूने मोठ्या अक्षरांत 'पेन्सिल' असं लिहून आले. ती अजून तशीच आहेत म्हणतात. मालकीणबाई आता दर हंगामात बुचांची नवी पिशवी फोडायच्या आधी मावशीला फोन करतात, आणि मावशी रजेचा अर्ज लिहायला घेते.

चौथा दिवस पूर्ण मोकळा मिळाला. बसने दोघं डोंगरावरच्या एका खानावळीत गेली. सहा टेबलं, समोर खाली उतरत गेलेले द्राक्षांचे मळे. काकांचं नाक त्या दिवशी जरा सुटलं होतं. सूप आल्यावर त्यांनी वाफ आत ओढली आणि म्हणाले, "अगं, येतंय! कांदा! कांदा येतोय मला!" खानावळवाला आतून धावत बाहेर आला, काय झालं म्हणून.

जेवता जेवता काका म्हणाले, "एक सांगू? परवा तू ते दहा पेले ओळखलेस ना, तेव्हा मला बरं वाटलं नव्हतं. तेवीस वर्षं मी हे काम करतोय, आणि तू दोन पावलांवरून सांगितलंस."

"मला माहीत होतं," मावशी म्हणाली.

"वासावरून?"

"तोंडावरून. त्याला नाक लागत नाही."

दोघंही इतकी हसली की मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग काकांनी मेन्यू पुन्हा मागवला आणि पहिल्यापासून वाचायला घेतला. वाढणाऱ्या मुलीने विचारलं, "आणखी कुणी येणार आहे का?"

"नाही," मावशी म्हणाली. "आम्हीच परत येतोय."

दुसऱ्यांदा सूप आलं, दुसऱ्यांदा मासा आला, मध आणि अक्रोडाचा केक दोनदा आला. या सगळ्यात तीनची बस निघून गेली. पुढची बस नव्हतीच. खाली गावापर्यंत पाच किलोमीटर उतार होता. मावशीने नवे बूट काढून हातात घेतले, काकांनी कोट खांद्यावर टाकला, आणि दोघं लख्ख उन्हात, द्राक्षांच्या ओळींमधल्या मातीच्या वाटेने, पोट सांभाळत निघाली.