खांद्यावर दोन थापा

मर्लला ऐकू येत नाही, हे आख्ख्या माळावर फक्त मला ठाऊक होतं. तीन वर्षं मी ते पोटात ठेवलं.

अ‍ॅरिझोनाच्या या माळावर आम्ही वर्षातून दोनदा जमतो. जुन्या महायुद्धांतल्या मशीनगन ट्रकमधून उतरवतो आणि तीन दिवस मोडक्या गाड्यांची, फ्रिजांची चाळण करतो. त्यात काय मिळतं, ते मला नीट सांगता येत नाही. मर्लला येतं. त्याची ब्राउनिंग एकोणीसशे अठरा सालची, पाण्यावर गार राहणारी, तिपाईसकट पोत्याएवढी जड. "हिला घडवणारे हात केव्हाच मातीत गेले," तो म्हणायचा, "आणि ही अजून एका लयीत बोलते. आपल्या दोघांपेक्षा बरी." बायको गेल्यापासून हे सहा दिवस सोडले, तर त्याला घराबाहेर पडायला कारण उरलं नव्हतं.

"तुझ्या या लाडकीनेच तुझे कान खाल्ले, म्हाताऱ्या," मी एकदा त्याला म्हणालो.

"खाऊ दे की. इतकी वर्षं त्या कानांनी ऐकलं काय? तुझ्या बढाया."

माझ्या ओठांकडे बघून त्याने उत्तर दिलं होतं. ओठ तो इतके छान वाचायचा की कुणाला संशयही येत नसे. अडचण एकच होती, भोंग्याची. भोंगा वाजला की सगळ्यांनी थांबायचं. मग माझ्यासारखे राखणदार आपापल्या रांगेतली एकेक बंदूक रिकामी आहे का ते बघून हात वर करतात, आणि सगळे हात वर झाले की नवी लक्ष्यं मांडायला ट्रक पुढे जातो. भोंग्यानंतर गोळी सुटली तर तो माणूस कायमचा बाद. न बघता हात वर करणारा राखणदारही बाद. म्हणून मी मर्लच्या मागेच उभा राहायचो. भोंगा वाजला की त्याच्या खांद्यावर दोन थापा मारायचो. तो थांबायचा, अंगठा दाखवायचा.

शनिवारी दुपारी मी रांगेच्या दुसऱ्या टोकाला व्हॉस नावाच्या एका बंदूकवाल्याशी वाद घालत बसलो होतो. त्याची मॅक्सिम मशीनगन जुनी की मर्लची ब्राउनिंग, असला फालतू वाद. भोंगा वाजला. मी वळून पाहिलं. मर्ल बंदुकीवर वाकला होता आणि बंदूक गप्प होती. गुडघे दुखत होते, ऊन डोक्यावर होतं, चाळीस पावलं चालायची होती. मी बसल्या जागेवरून हात वर केला.

ट्रक निघाला. मर्लच्या बंदुकीत गोळ्यांचा पट्टा अडकला होता. त्याने तो सोडवला आणि खटका दाबला. पाच गोळ्या. ट्रकच्या पुढ्यात धूळ उडाली, ट्रक करकचून थांबला. कुणाला लागलं नाही, एवढंच.

ट्रक डॉटीची मुलगी चालवत होती. डॉटी म्हणजे आमची प्रमुख. तिने आम्हा दोघांना तंबूत उभं केलं.

"भोंगा ऐकू नाही आला तुला, मर्ल?"

"नाही. बरीच वर्षं येत नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"आणि लॉयल, तू कशाच्या जोरावर हात वर केलास?"

मर्लच बोलला. "त्याने विचारलं होतं गं मला. मीच अंगठा दाखवला, रिकामी आहे म्हणून. त्याला बोल लावू नकोस."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात खांद्यावर दोन थापा पडल्या, सावकाश. मर्ल माझ्याकडे बघतही नव्हता. तीन वर्षं तो या थापांवर थांबत आला होता. मी पण थांबलो.

डॉटीने यादीतून त्याचं नाव खोडलं. आम्ही बाहेर आलो. ब्राउनिंगमधलं ऊन पाणी वाळूत सोडलं, तिपाई दोघांनी मिळून त्याच्या ट्रकमध्ये चढवली. तो पाठमोरा उभा राहून दोरी आवळत होता.

"माझं चुकलं, मर्ल," मी म्हणालो. "मी आत जाऊन खरं सांगतो."

तो दोरी आवळत राहिला. पाठमोऱ्या मर्लला काही कळत नाही, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.