खोलीत कोणी नाही

छताला लावायचा तो पांढरा डोळा दिसायला अगदी निरुपद्रवी होता, उपड्या वाटीएवढा. खाली कोणी हललं की दिवा लावायचा, हालचाल थांबली की थोडी वाट पाहून विझवायचा, एवढंच त्याचं काम. जुन्या वृद्धाश्रमात असे डोळे बसवायचा ठेका त्याच्या ठेकेदाराला मिळाला, तेव्हा वायरमन मनातून खूश झाला. त्याचे वडील, नाना, तिथेच कोपऱ्यातल्या खोलीत होते. बापाची सेवा करायची, आणि तीही पगारी! असा योग कुणाच्या नशिबी असतो?

जुन्या इमारतीत काम करणाऱ्या वायरमन लोकांचा एक धर्म आहे. छताला आधीचं भोक असेल, तर नवं पाडायचं नाही. नानांच्या खोलीत दारापाशी जुन्या पंख्याचं भोक होतं, वायरही तिथवर आलेली. त्यानं डोळा तिथेच बसवला, भिंतीवरची बटणं काढून कोऱ्या पट्ट्या ठोकल्या आणि शिडीवरून उतरून म्हणाला, "नाना, आता दिव्यासाठी कुणाला हाक मारायला नको. सगळं आपोआप!"

नानांनी पापण्या मिटून उघडल्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्याकडे हलवण्यासारखं तेवढंच उरलं होतं. पापण्या आणि डाव्या हाताची दोन बोटं.

त्याच संध्याकाळी आश्रमातल्या मावशी नानांना भरवून गेल्या आणि दिवाही गेला. घरातले दिवे विझवत जन्म काढलेला हा माणूस दुखण्यानंतर अंधाराला भ्यायला लागला होता. मावशी परत आल्या तेव्हा नानांच्या घशातून बारीक आवाज येत होता आणि कपाळ घामानं निथळत होतं.

वायरमननं ठेकेदाराला गाठलं. "शेठ, नानांच्या खोलीतला डोळा पलंगावर सरकवू द्या. नाहीतर एक बटण तरी परत लावू द्या."

"का? तुझे वडील हलत नाहीत?"

"नाही."

"अजिबात?"

"दोन बोटं हलतात."

"मग जरा जोरात हलवायला सांग." ठेकेदार वाईट माणूस नव्हता, त्याला मार्ग सुचवायची हौस होती. "हे बघ, काम पूर्ण म्हणून सही झाली. आता हात लावला की गॅरंटी गेली. आणि ती जागा निवडली कोणी?"

"मी."

"झालं तर."

मग तो व्यवस्थापक बाईंकडे गेला. बाईंनी कौतुकानं कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. "ही बघा कोपऱ्यातली खोली. विजेच्या बाबतीत सगळ्यात काटकसरी!"

"बाई, तिथे माणूस आहे."

"असेल हो. पण सिस्टीमला खोली रिकामी दिसते."

"मग रिकाम्या खोलीचं भाडं कसं घेता?"

"ते खातं वेगळं," बाई म्हणाल्या.

त्यानं बॅटरीचा दिवा आणून उशाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात जमा झाला होता. बाहेरच्या वस्तूंनी आग लागते म्हणे. पलंगाच्या वर कागदाचं भिरभिरं टांगलं. पण डोळ्याला कागद दिसत नाही, त्याला ऊबदार अंग लागतं, आणि तेही हलतं. नाना ऊबदार होते. निम्मी अट पूर्ण होत होती. घरी न्यावं, तर नवरा-बायको दोघं दिवसभर कामावर. तिथे दिवा असता, माणूस नसतं.

शेवटी काम सुटलं की तो रोज तिथे येऊ लागला आणि दारापाशी उभा राहून हात हलवू लागला. शेजारच्या खोलीतले मास्तर डोकावून म्हणाले, "काय रे, उडायचा विचार आहे का?"

"दिवा राखतोय, मास्तर."

"राख, राख. शिक्षण वाया गेलं नाही म्हणायचं."

एका संध्याकाळी नानांची नजर सारखी खुर्चीकडे जायला लागली. आधी त्याच्या हाताकडे, मग खुर्चीकडे.

"बसलो तर दिवा जाईल हं, नाना."

नानांनी पापण्या मिटून उघडल्या. तो बसला. खुर्ची पलंगाच्या पलीकडे, डोळ्याच्या टप्प्याबाहेर होती. त्यानं आपला तळहात नानांच्या दोन बोटांखाली सरकवला. थोड्या वेळानं अंधार झाला. तो बारीक आवाज सुरू झाला, तशी बोटं त्याच्या तळहातावर दाबली गेली. होता नव्हता तेवढा सगळा जोर त्यात होता. आवाज थांबला. उठून दारापाशी जावं तर ती बोटं सुटणार, न जावं तर अंधार. त्यानं हात होता तिथेच ठेवला.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. तो उठून दारापाशी आला, आणि दिवा लख्ख लागला. नाना त्याच्याकडे बघत होते.

"उद्या येतो, नाना."

"चला हो, बाकीचे कधीच गेले," मावशी म्हणाल्या. त्या दार ओढू लागल्या, तरी हा फटीतून हात आत घालून हलवतच होता.

"हात काढा, चेमटेल."

त्यानं हात काढून घेतला.