कारवीचा उतार

वनखात्यासाठी उपग्रह-चित्रे तपासणाऱ्या संघप्रिया कांबळे हिच्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीतील कार्यालयात दोन उपग्रह-चित्रे शेजारी शेजारी ठेवलेली होती. एक जानेवारी २००१चे, दुसरे जानेवारी २००२चे. अशा चित्रांत जिवंत पाने लाल दिसतात. गगनबावड्याजवळच्या एका उतारावरचा लाल रंग वर्षभरात नाहीसा झाला होता. जंगल तुटले, हा निष्कर्ष सोपा होता. तो अहवालात गेला असता, तर उताराची राखण करणाऱ्या ग्रामसमितीचा करार रद्द झाला असता.

संघप्रिया गावात गेली, तेव्हा समितीचा अध्यक्ष केरबा पायथ्याशीच उभा होता.

"एक काठी तोडली न्हाय, बाई. गेल्या पावसाळ्यात कारवी फुलली. सात-आठ वर्सांनी एकदा फुलती, आन् वाळून मरती."

"सगळ्या समित्या हेच सांगतात."

"मग काय शपथ घिऊ?"

"शपथ मोजता येत नाही. वर चला."

वर उतारभर कारवीच्या काठ्या वाळलेल्या होत्या, पण उभ्या होत्या. कुऱ्हाडीचा घाव कुठेही सापडला नाही. तोड झाली नव्हती, एवढे यातून सिद्ध होत होते. जंगल परत येईल, हे सिद्ध होत नव्हते. केरबाने काही सुकी बोंडे तिच्या तळहातावर ठेवली.

"पाणी वता."

तिने बाटलीतले थोडे पाणी ओतले. "काही होत नाही."

"जरा दम धरा की! तुमच्यासारखंच हाय ते. लगेच मानत न्हाय."

टच् असा आवाज झाला. बोंड फुटले आणि बी तिच्या चष्म्यावर आपटले.

बी म्हणजे रोप नव्हे, असे तिने अहवालात स्पष्ट लिहिले. पुढच्या जानेवारीचे चित्र येईपर्यंत करार मोडू नये, असेही लिहिले.

"उगवलं नाही तर?" सही करताना वरिष्ठ महावीर चौगुले यांनी विचारले.

"तर तसं लिहीन."

चित्र आले, तेव्हा तिने केरबाला बोलावून घेतले. टेबलावर नजर पडताच तो ओरडला.

"आगागा! समदा डोंगर पेटलाय की!"

"लाल म्हणजे पालवी, केरबामामा."

"म्हंजे तुमच्या यंत्राला हिरवं दिसत न्हाय व्हय?"

रंग पूर्वीपेक्षा फिका होता, कारण रोपे कोवळी होती; पण उतार भरला होता. करार कायम राहिला.

केरबाने पिशवीतून कारवीच्या फुलोऱ्यातला, जपून ठेवलेल्या मधाची बाटली काढली.

"हे कशाला? मी फक्त तपासलं."

"त्येचंच उपकार. चित्रावर तुमचा इश्वास न्हवता, माझ्यावर बी न्हवता. दोघांतल्या एकावर जरी ठेवला असतासा, तर डोंगर चढला नसतासा."

भेट घेणे नियमात बसत नव्हते. संघप्रियाने बाटली परत केली. पण त्याआधी, ज्या तळहातावर बोंड फुटले होते, त्यावर थोडा मध घेतला.

"आभारी आहे," ती म्हणाली. या वाक्याला तिने अहवालातल्यासारखी एकही अट जोडली नाही.