टेपमधले एक आणि दोन

टेप वेडा, चिठ्ठी वेडी, की मी वेडी, हेच मला कळेना. सकाळचे अकरा वाजले होते, टेबलावर चार पडदे कापून पडले होते आणि चारही आखूड होते.

मी पडद्यांच्या कारखान्यात आहे, बावीस वर्षं झाली. बावीस हे आता सांगते हं, पूर्वी नुसतं 'पुष्कळ' म्हणायचे. मापं घेणारे मास्तर टेप लावून कापडावर खडूची रेघ मारायचे, मी दुसरं टोक ताणून धरायचे आणि मग त्या रेघेवरून कात्री चालवायचे. माझी कात्री कधी वाकडी गेली नाही. पण रेघ कुठे मारायची ते ठरवायला आकडे यावे लागतात, आणि माझ्या नशिबी शाळा नव्हती. काल मास्तर कायमचे घरी गेले, गुडघ्यांनी दगा दिला. जाताना गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला. "सांभाळ गं," एवढंच म्हणाले.

सहा महिने मी सुनेकडे आकडे शिकत होते. भांडी आवरली की ती ओट्यावर वही उघडायची. "आई, बोट ठेवून वाचा. पहिल्यापासून. उड्या मारू नका." सासू मी, आणि दम ती देणार! पण शिकवलं पोरीने. म्हणून तर आमच्या मालकीणबाईंना मी छातीठोकपणे सांगितलं, की कापायचं टेबल मला द्या. बाई म्हणाल्या, "मावशी, हे दवाखान्याचे चोवीस पडदे. संध्याकाळपर्यंत नीट कापून झाले तर टेबल तुमचं. नाहीतर मी बाहेरून माणूस बघते, तुम्ही धागे तोडायला बसा." धागे तोडायला कालपरवा आलेल्या पोरी बसतात. या वयात मी त्यांच्यात बसायचं? छे!

बाईंच्या चिठ्ठीवर होतं, लांबी ७८ इंच. सात आणि आठ. मी टेप लावला, ७८ वर खडू, मग कात्री. चार पडदे झाले. मग मास्तर करायचे तसा मागच्या खेपेचा नमुन्याचा पडदा फडताळातून काढला आणि माझ्या पडद्याशेजारी धरला. नमुना खाली चांगला तीन बोटं लोंबत होता.

नमुन्यावर टाचलेल्या कागदावर बघितलं, ७८. त्याच नमुन्याला टेप लावला तर ८०! आठ, आणि पुढे हा एवढा भोपळा. कागद म्हणतो अठ्ठ्याहत्तर, टेप म्हणतो ऐंशी, पडदा तोच. मी परत मोजलं. परत ऐंशी. तिसऱ्यांदा मोजायला हात उचलेना.

सुनेला फोन लावला. "काय गं, अठ्ठ्याहत्तर म्हणताना आठ आधी येतात, मग लिहिताना सात आधी कसे?"

"तसंच असतं ते, आई."

"मग मी सत्त्याऐंशीवर तर नाही ना कापलं?"

"तसं असतं तर पडदे लांब झाले असते. आखूड कसे होतील?"

ती बरोबर बोलत होती, म्हणून मला जास्तच राग आला. "तूच मला उलटसुलट शिकवलंयस!"

"आई," ती म्हणाली, "पहिल्यापासून बोट ठेवून वाचा." मी फोन आपटला.

एक सोपी वाट होती. नमुना कापडावर पसरायचा, कडेने खडू फिरवायचा, झालं. आकड्यांची गरजच नाही. पण पुढच्या कामाचा नमुना नसेल तेव्हा काय करणार होते मी, कप्पाळ? आणि सहा महिने काय नुसतीच वही काळी केली? जिन्यात बाईंच्या चपला वाजल्या.

टेपचं टोक मी नेहमी अंगठ्याखाली दाबून धरत होते, मास्तर धरायचे तसं. अंगठा काढला, पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, "एक."

बोटाखाली तीन होता.

मला वाटलं टेप उलटा धरलाय. फिरवून बघितला, तिकडे तर मोठाले आकडे. परत या टोकाला आले. तीन, चार, पाच. डोळे चोळले. तीनच.

"अगं, एक कुठे गेला?" मी ओरडले.

पलीकडे चष्मेवाली शिवत बसली होती. तिने मशीन थांबवलं. "कुठला एक?"

"टेपमधला! आणि दोनपण नाही!"

"अगंबाई, ते तर कधीचेच नाहीत. टोक इस्त्रीखाली जळलं तेव्हा मास्तरांनी कापून टाकलं. ते मनातल्या मनात दोन मिळवून रेघ मारायचे. सगळ्यांना माहितीये."

"मला नाही माहीत."

"तुला कोण सांगणार? तुला कुठे वाचता..." ती तिथेच थांबली आणि उगीच दोरा ओवायला लागली.

बावीस वर्षं मी त्याच टेपचं दुसरं टोक धरून उभी होते. रागावू की रडू, मला कळेना. आकडे मला येत होते, हे कळून हसूही येत होतं.

बाई आत आल्या. "मावशी, हे चार आखूड कसे?"

मी टेप पुढे केला आणि तीनवर बोट ठेवलं. त्यांनी टोक उलटंपालटं करून बघितलं. "अरेच्चा! म्हणून याच टेपने कापलेले माझ्या घरचे पडदे आखूड झाले होते होय? मी कापड कमी दिलं म्हणून दुकानदाराशी भांडून आले!" मग म्हणाल्या, "हे चार छोट्या खिडक्यांना लावू. कापड आहे अजून. जमेल ना संध्याकाळपर्यंत?"

"जमेल."

आधी मी पांढऱ्या कापडाची पट्टी घेतली. टेपवरच्या तीनच्या रेघेपासून पाचच्या रेघेपर्यंत मोजून तेवढीच टेपच्या टोकाला शिवली. तिच्यावर पेनाने एक काढला, दोन काढला. दोन जरा वाकडा आला. मग टेप नमुन्याला लावला. अठ्ठ्याहत्तर.

टेप गळ्यात अडकवून मी चष्मेवालीकडे गेले. "एक आणि दोन सापडले," म्हटलं. "सगळ्यांना सांग. आणि इथून पुढे मलाही सांगत जा."