दोन दणक्यांच्या मधलं बोलणं

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे 'भोंगा' म्हणायचे. हे रोलिंग मिलवर मुकादम. तापून लालभडक झालेला पोलादाचा ठोकळा रोलरमध्ये शिरला की असा दणका बसायचा की विचारू नका. पुन्हा शिरला, पुन्हा दणका, आणि असा लांब लांब होत त्याचा रेल्वेचा रूळ निघायचा. तिथे बोलायची रीत एकच. दणका बसला की गप्प, तो विरला की तोंड उघडायचं आणि पुढचा बसायच्या आत वाक्य संपवायचं.

मी वर क्रेन चालवायची. केबिनपर्यंत आवाज पोचायचा तो फक्त ह्यांचा. लग्नाचंसुद्धा खालूनच विचारलं. "माझ्याशी," मग धडाम, मग "लग्न करतेस का?" अख्खी पाळी माना वर करून माझ्याकडे बघायला लागली. नाही म्हणायची सोय तरी ठेवली होती का मेल्याने!

मिलने पगार दिला आणि कान घेतले. निवृत्तीनंतर ह्यांना कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येईना. आपण किती मोठ्याने बोलतोय ते ह्यांना कसं कळणार? जेवायला बसलं की माझी जाऊ ओठावर बोट ठेवायची. दवाखान्यातली नर्स हात खाली-वर करून हळू, हळू म्हणायची. शेवटी ह्यांनी लोकांत बोलणंच टाकलं. मग घरातही टाकलं. 'हं' आणि 'उंहूं', एवढ्यावर आमचा संसार आला. एवढा बोलघेवडा माणूस, आणि मला भांडायलासुद्धा कोणी उरलं नाही! मला त्या जावेचा असा राग यायचा, काय सांगू.

पुढे मिल बंद झाली आणि तिथे देशाच्या लोखंड-पोलादाच्या इतिहासाचं संग्रहालय उभं राहिलं. उद्घाटनाला जुन्या कामगारांना बोलावणं आलं. हे म्हणाले, "उंहूं." मी म्हटलं, "अहो, भाषण नाही करायचंय. खांबासारखं उभं राहायचं, चहा प्यायचा आणि यायचं." मनात मात्र एकच होतं, की ह्या माणसाने चारचौघांत एकदा तरी तोंड उघडावं.

आत भिंतीभर चित्रं. भाता मारून लोखंड गाळणारी जुनी माणसं, मग बोटींतून उतरणारे परदेशी रूळ, मग आपली पहिली भट्टी, आणि शेवटी आमची मिल. माहिती सांगायला एक गोड गळ्याची पोरगी. संग्रहालयाच्या साहेबांनी हौसेने जमिनीखाली मोठे स्पीकर बसवून घेतले होते. जुन्या मिलचा खरा आवाज! केला चालू.

"आपल्या देशातली—" धडाम. "पहिली भट्टी—" धडाम. पोरीचे नुसते ओठ हलताना दिसत होते. लोक एकमेकांना विचारायला लागले, काय म्हणाली, काय म्हणाली?

मी ह्यांच्याकडे पाहिलं. जमीन हादरत होती. कान गेले तरी तळवे शाबूत होते ना! हे टाच टेकवून उभे राहिले, मान ताठ झाली.

धडाम.

"आपल्याकडे खिळासुद्धा बोटीने यायचा!"

धडाम.

"आम्ही ओढलेला पहिला रूळ वाकडा निघाला!"

धडाम.

"दुसरा मधोमध फुटला! तिसऱ्याला मोठे साहेब नाचले, टोपी पडली, टोपीचा कोळसा झाला!"

लोक हसायला लागले. पोरगी शहाणी, बाजूला सरकली आणि नुसतं चित्रांकडे बोट दाखवत राहिली. हे एकेक चित्र घेत होते, दर दोन दणक्यांच्या मध्ये एक वाक्य अचूक बसवत होते. मला रडू यायला लागलं. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं!

आणि मेला तो आवाज संपला. एकदम.

जमीन थांबलेली ह्यांना कळली. वाक्य अर्ध्यात राहिलं. सगळे आपल्याकडेच बघतायत हे दिसलं तसे ह्यांचे गाल लाल झाले, मान खाली गेली. झालं, मी म्हटलं, गेले हे पुन्हा कवचात.

पुढे पोराला कडेवर घेतलेली एक बाई उभी होती. ती म्हणाली, "पण मग ते रूळ गेले कुठे?"

मी ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "विचारतायत, रूळ गेले कुठे?"

हे त्या बाईकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. आता आडोशाला एकही दणका नव्हता.

"कुठे नाही गेले ते विचारा!"

छपराचे पत्रे वाजले. कडेवरचं पोर दचकलं आणि खुदकन हसलं. माहिती सांगणाऱ्या पोरीचं बोट नकळत ओठांकडे निघालं. मी तिचं मनगट धरलं.

"राहू दे गं," मी म्हटलं. "त्यांचं अजून संपलेलं नाही."