न वाजवलेला आवाज

मी काहीच वाजवलं नव्हतं, तरी काचेपलीकडच्या गृहस्थांनी बटण दाबलं. वर माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे कसं, पकडलं की नाही. मी पुन्हा नुसतंच मशीनवर बोट ठेवलं आणि गप्प बसले. त्यांनी पुन्हा दाबलं. बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या मुलीचा चेहरा खुलला. मी मात्र त्यांच्या कागदावर बारीक फुली मारली, आणि तपासणी पहिल्यापासून सुरू केली.

कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करायची, हे माझं काम. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि दिवसभर एकच वाक्य म्हणायचं: ‘आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी. नाही आला तर दाबू नका.’ यातला शेवटचा भाग कोणी मनावर घेत नाही. ऐकू येत नाही हे कबूल करायला माणसाच्या जिवावर येतं. म्हणून आम्ही मध्येच काही न वाजवता थांबतो. त्यातही जो बटण दाबतो, त्याचं सगळंच पुन्हा तपासायचं. जो मधूनच हात बाजूला घेऊन ‘नाही बुवा आला’ म्हणतो, त्याच्यावर माझा चटकन विश्वास बसतो. अशी माणसं फार थोडी भेटतात.

या नोकरीने माझा स्वभाव संशयी झाला, असं माझा नवरा म्हणतो. मी म्हणते, स्वभाव आधीपासून होताच, नोकरीने त्याला पगार सुरू केला.

तर अशा बाईने ब्लॉग लिहायला घ्यावा, हेच मुळात नवल. पण दिवसभर एकच वाक्य बोलून तोंडाला बुरशी येते. मागल्या वर्षी एका संध्याकाळी फोनवर खटाखट लिहून टाकलं, नाव घेतलं ‘काचेमागची’ आणि कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. लेखांत पेशंट आले, त्यांची नावं गाळून. डॉक्टर आले, जे वाक्य अर्ध्यावर सोडून निघून जातात. आमची काउंटरवाली आली, जी प्रत्येक पेशंटला तो बहिरा असो वा नसो, ओरडूनच बोलते. घरचेही आले. पलंगावर ओला टॉवेल टाकणारा नवरा आला, आणि सासरे आले.

पहिल्या दिवसापासून एक गोष्ट खटकत होती. लेख टाकला की तास उलटायच्या आत वाचकांचा आकडा शून्यावरून एक व्हायचा. माझ्या फोनवरून मीच उघडलं तर ते त्यात धरलं जात नाही, ही खात्री मी करून घेतली होती. कधीमधी आकडा चार-पाचावर जायचा, कोणीतरी वाट चुकलेले असतील. पण तो पहिला एक कधी चुकला नाही. बरं, त्याने कधी एका अक्षराने काही कळवलं नाही. छान म्हटलं नाही, फालतू म्हटलं नाही. जो रोज वाचतो आणि ताकास तूर लागू देत नाही, त्याच्या मनात काय असेल? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

आधी संशय डॉक्टरांवर गेला. एकदा जाता जाता ते म्हणाले, ‘तुमचं निरीक्षण मात्र...’ आणि नेहमीसारखं वाक्य तिथेच टाकून गेले. निरीक्षण मात्र काय? चांगलं आहे? की फार होतंय? पेशंटच्या गोष्टी बाहेर लिहिल्या म्हणून त्यांनी मला दारात उभं केलं असतं तर मी काय बोलणार होते? दुसरी नोकरी काही रस्त्यावर पडलेली नाही. मग काउंटरवाली माझ्याशी कमी बोलायला लागली, तेव्हा वाटलं, हीच. नंतर कळलं की तिची दाढ दुखत होती. तरी मी तिला पूर्ण सोडलं नाही.

आणि नवरा. टॉवेलबद्दल लिहिलं, त्याच आठवड्यापासून टॉवेल दोरीवर दिसायला लागला. इतक्या वर्षांच्या बोलण्याने जे झालं नाही, ते एका लेखाने झालं? मी त्याच्या फोनकडे तिरक्या नजरेने बघायला लागले. तो माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, ‘काय झालं?’ काही नाही, म्हणायचे.

घरात उरले बाबा, म्हणजे माझे सासरे. त्यांचा विचार मी केलाच नाही. जन्म कापडगिरणीत गेला, मागांच्या खडखडाटात कान गेले. मशीन लावा म्हणून मी घसा कोरडा केला, तर म्हणायचे, मला सगळं ऐकू येतं. मी ओट्याशी भाजी परतताना काहीही विचारावं, मागून उत्तर ठरलेलं: ‘हो हो.’ दूध आलं का? हो हो. डोकं दुखतंय का? हो हो. घराला आग लागलीय, म्हटलं असतं तरी हो हो. लोकांना दिवसभर पकडायचं आणि घरी आल्यावर पुन्हा तोच पेशंट! एका लेखात मी त्यांचं नावच ‘हो-हो’ ठेवलं. लिहिलं, यांच्याशी बोलणं म्हणजे बंद दुकानाचं शटर वाजवत बसणं. लिहिताना मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर काही दिवसांनी बाबांचं ‘हो हो’ बंद झालं. जेवायला बसले की खाली मान. विचारलं तरी नुसतं बघायचे. मी तेही लिहिलं. लिहिलं की आता तर महाराजांनी होकारही द्यायचं सोडलं, तोरा बघा.

ब्लॉगला वर्ष होत आलं तसं मी ठरवून टाकलं. एकतर हा एक कोण ते शोधायचं, नाहीतर सगळं पुसून मोकळं व्हायचं. नोकरीची टांगती तलवार डोक्यावर घेऊन गंमत म्हणून लिहिणं मला जमणारं नव्हतं. आणि शोधायचं कसं, हे तर मला रोजच्या कामाने शिकवलं होतं. काही न वाजवता थांबायचं आणि कोण बटण दाबतो ते बघायचं.

दवाखान्यात माझा एक निळा कप आहे, आईच्या घरून आणलेला. त्याच्यावर मी एकदा मनापासून लिहिलं होतं; काठावरची सोनेरी रेघ कशी झिजत आली आहे, कान कसा दोन बोटांपुरता आहे, वगैरे. आता मी लिहिलं, ‘आज माझा निळा कप फुटला. दिवसभर चहा गोड लागला नाही.’ कप धडधाकट होता. दुसऱ्या दिवशी मी तो टेबलाच्या अगदी कडेला, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. ज्याने वाचलं असेल, त्याची नजर कपावर अडखळणारच.

डॉक्टर आले, कागद उचलला, अर्धं वाक्य बोलले आणि गेले. कपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काउंटरवाली आली, कप उचलून त्याच्याखालची फाइल काढली, कप परत ठेवला आणि ओरडत गेली. मी संध्याकाळपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसले. कोणी बटण दाबलं नाही. म्हणजे नवराच, असं म्हणत मी तणतणत घरी आले.

ओट्यावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं, तर निळा कप निघाला. काठावर नवी कोरी सोनेरी रेघ, कान दोन बोटांपुरता.

नवऱ्याला गाठलं. म्हटलं, हा कप कोणी आणला?

‘बाबांनी. दुपारी बाजारात गेले होते, चालत. मी म्हटलं मी आणतो, तर ऐकेनात. तीन दुकानं फिरले म्हणे. का गं?’

‘आणि टॉवेल?’

‘कुठला टॉवेल?’

‘पलंगावरचा. तो दोरीवर कोण टाकतं?’

‘बाबाच टाकतात की, किती दिवस झाले. मला वाटलं तूच सांगितलंस त्यांना.’

 दवाखान्यातला कप नवऱ्याने जन्मात पाहिलेला नाही, बाबांनी तर नाहीच. सोनेरी रेघ फक्त एकाच ठिकाणी होती, माझ्या लिहिण्यात. मग डोक्यात उजेड पडला. बाबांचा फोन म्हणजे माझा जुना फोन. वर्षापूर्वी नवा घेतला तेव्हा जुना त्यांना दिला होता. अक्षरं मोठी करून दिली, बाकी काही पुसलं नाही, माझं खातंही त्यात तसंच राहिलं. लेख टाकला की तो त्यांच्या खिशात थरथरत असणार. ज्याला ऐकू येत नाही तो वाचत असेल, हे कानाच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला वर्षभर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन पेशंटच्या मध्ये मी माझा ब्लॉग पहिल्यापासून वाचला, पण बाबांच्या डोळ्यांनी. काही लेख बरे होते. ‘हो-हो’वर आले आणि वाचवेना. त्यांनी हे वाचलं आणि ‘हो हो’ म्हणायचं सोडून दिलं. मग मी तोऱ्याचं लिहिलं, तेही वाचलं. एवढं वाचून हा माणूस माझ्यासाठी उन्हात तीन दुकानं फिरला. माझा मेला स्वभाव असा की तरीही मनात आलंच, हा टोमणा तर नसेल? पण टोमणा मारायला कोणी कानाची दोन बोटं मोजून बघत नाही.

आणखी एक गोष्ट तिथे, काचेच्या खोलीसमोर बसल्या बसल्या लक्षात आली. पेशंटशी मी कायम तोंडासमोर बसून बोलते, सावकाश, उजेडात. नव्या मुलींना मीच शिकवते, पाठ फिरवून बोलायचं नाही, माणूस ओठ वाचत असतो. आणि मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसं तर एकमेकांशी ओठांवरूनच बोलतात. घरी मात्र मी इतकी वर्षं कढईशी बोलत होते आणि उत्तर बाबांनी द्यावं, अशी अपेक्षा करत होते.

ब्लॉग पुसला नाही. वर्षपूर्तीचा लेख दवाखान्यातच लिहिला, छोटासा. कप फुटला नव्हता, हे त्यात घालावं की नाही यावर बराच वेळ गेला. नाही घातलं. जुना कप कापसात गुंडाळून खालच्या खणात ठेवून दिला. लेख संध्याकाळी आपोआप जाईल, अशी वेळ लावून ठेवली आणि घरी गेले.

चहा टाकला. बाबा नेहमीच्या खुर्चीत होते. मी गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि त्यांच्याकडे पूर्ण वळले. दिव्याखाली उभी राहिले.

‘बाबा, तुम्हाला या नव्या कपात देऊ का चहा?’

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. वाक्य संपेपर्यंत पाहिलं.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘मला माझा पेला दे. तो तुझा. जुना फुटला ना तुझा?’

या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं ‘नाही’. माझ्या कामात यालाच विश्वासाचा माणूस म्हणतात. आणि तो माणूस आता माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत होता.

‘हो हो,’ मी म्हटलं.

त्यांनी जरा जास्तच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग ‘बरं’ म्हणून पेला ओढून घेतला आणि चहा फुंकायला लागले. मी नव्या कपात माझा ओतला.

तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोन थरथरला. बाबांचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात परत पेल्यावर ठेवला. माझ्यादेखत त्यांना तो काढायचा नव्हता.

मी गॅसकडे तोंड केलं. ओटा पुसलेलाच होता, तो पुन्हा पुसायला घेतला आणि बराच वेळ मागे वळले नाही.