वीतभर उंचीचा काठ

दादाच्या मोठ्या शिडाच्या बोटीवर वहिनीने अर्धा संसार घालवला, तो चहाचे कप सावरण्यात. दोराला हात लावला की दादा म्हणायचा, "राहू दे, तुला नाही झेपायचं." आणि खरंच, ते शीड चढवायला तीन धडधाकट गडी लागत. हल्ली गडी मिळेनात, म्हणून बोट धक्क्याला नुसती बांधून पडलेली. तिच्याभोवती मात्र लहान होड्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या. दादाच्या धाकट्या बहिणीनेही एक घेतली.

"खेळणं आहे ते," दादा म्हणाला.

त्या दुपारी नणंदेने वहिनीला होडीत बसवलं आणि शिडाचा दोर तिच्या हाती दिला. "इथे पाहुणी व्हायचं नाही हं. घाबरलीस तर दोर सोड. शिडातला वारा निघून जातो, होडी मंदावते."

खाडीच्या मध्यावर वाऱ्याचा असा सपाटा आला की होडी एका अंगावर कलली. तोल सावरायला नणंद मागे रेलली, पाय अडकवायचा होडीतला पट्टा निसटला आणि ती धपकन पाण्यात पडली.

वहिनीने दोर सोडला. शीड फडफडू लागलं, पण होडी वाऱ्याबरोबर वाहतच राहिली. नणंदेचं नारिंगी जॅकेट लाटांआड दिसेनासं झालं, पुन्हा दिसलं.

वहिनीने सुकाणू धरून डावीकडे ढकललं. होडी भलतीकडेच वळली.

"उलटं! उलटं ढकल!" नणंद ओरडत होती.

दात-ओठ खात वहिनीने सुकाणू उलटं ढकललं, दोर ओढला. तळहात सोलवटले. होडी वळली. जॅकेट जवळ आलं, आणखी जवळ. आता आदळणार! तिने दोर सोडून दिला. काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर होता. पालथं पडून तिने नणंदेच्या जॅकेटचा पट्टा मुठीत धरला आणि जीव खाऊन ओढलं.

दोघी आत कोसळल्या. मग नणंद दात वाजवत म्हणाली, "वहिनी, माझ्या पोटरीवरून उठतेस का?"

धक्क्यावर दादा उभा होता, चेहरा पांढराफटक. "मोठ्या बोटीवर हे झालंच नसतं," तो म्हणाला.

"आणि तिथल्या उंच काठावरून तुम्ही पडला असतात तर?" वहिनीने विचारलं. "मी काय केलं असतं हो?"

दादा खाली उतरला आणि डबा घेऊन होडीतलं पाणी उपसू लागला.